वडील हयात असताना

एक पूल आहे. पुलाच्या अलीकडे टोलनाका आहे आणि नाक्यापुढे रांग लागली आहे. रांगेत ट्रक आहेत, बस आहेत, खासगी मोटारी आहेत. ट्रकमध्ये किती टन माल आहे ते बघायचं, बसमध्ये किती माणसं आहेत ते बघायचं, मोटारीचं यातलं काहीच बघायचं नाही. रांगेला मात्र या कशाशीच देणंघेणं नाही. माझ्या पुढे कोण आणि मागे कोण, एवढंच तिला कळतं. १९६६ साली ऑस्लोमधली दोन माणसं या नाक्यापाशी अडकून पडली होती. रस्त्यावर नव्हे, कागदावर.

क्रिस्टेन न्यूगोर आणि ओले-योहान डाल हे नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये काम करत. कारखाना, बंदर, टपाल कचेरी, टोलनाका अशा ठिकाणी रांगा कशा वाढतात आणि कुठे तुंबतात, हे आधी संगणकावर चालवून बघायचं, हा न्यूगोरचा जुना उद्योग. त्यासाठी दोघांनी सिम्युला नावाची भाषा तयार केली होती आणि ती युनिव्हॅक ११०७ या यंत्रावर चालतही होती. अडचण वेगळीच होती. ‘पुढचा कोण, मागचा कोण’ ही रांगेची यंत्रणा ट्रकसाठी लिहायची, मग बससाठी तीच पुन्हा लिहायची, मग मोटारीसाठी. उद्या नाक्यावर रुग्णवाहिका आली की चौथ्यांदा. टोनी होअर यांनी वर्ग आणि उपवर्ग, म्हणजे क्लास आणि सबक्लास, यांची एक कल्पना तेव्हा नुकतीच मांडली होती. ती या दोघांना आवडली होती, पण पुरेशी वाटत नव्हती.

त्या दिवसांतला एक किस्सा प्रसिद्ध आहे. केंद्रात नव्याने रुजू झालेला एक कर्मचारी घाबराघुबरा होऊन टेलिफोन ऑपरेटरकडे आला आणि म्हणाला, वरच्या मजल्यावर फळ्यासमोर दोन माणसं जोरजोरात भांडताहेत, काय करू? ऑपरेटरने कान देऊन ऐकलं आणि त्याला शांत केलं. भांडण नव्हतं, डाल आणि न्यूगोर सिम्युलाबद्दल चर्चा करत होते.

उत्तर सापडलं ते १९६६ च्या अखेरीला. रांगेत उभं राहण्याची सगळी अक्कल एकाच ठिकाणी लिहायची, तिला ‘लिंक’ म्हणजे दुवा असं नाव द्यायचं, आणि ज्याला ती हवी त्याच्या नावाच्या आधी तो शब्द जोडायचा. ‘लिंक क्लास वाहन’ असं लिहिलं की वाहनाला रांगेत उभं राहता येतं. ‘वाहन क्लास ट्रक’ असं लिहिलं की ट्रकला वाहनाचं सगळं येतं, आणि ओघाने रांगेचंही. मग ट्रकपुरतं फक्त मालाचं वजन लिहायचं. या युक्तीला त्यांनी दिलेलं नाव होतं ‘प्रीफिक्स’, म्हणजे आपल्या व्याकरणातला उपसर्ग. एकच ‘प्र’ गतीला लागतो, वासाला लागतो, योगाला लागतो, हारालाही लागतो. १९६७ च्या मे महिन्यात ऑस्लोजवळच्या लीसेबू इथे झालेल्या परिषदेत त्यांनी हे जगापुढे मांडलं. या कामासाठी दोघांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं, आणि पुढच्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सहा आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले.

उपसर्ग हा शब्द टिकला असता तर बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं. पुढे या युक्तीला ‘इनहेरिटन्स’ हे नाव चिकटलं. आपण त्याचं ‘वारसा’ केलं, आणि त्या शब्दाबरोबर नको ते सगळं सामान घरात आलं.

वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? तलाठ्याचं कार्यालय. मृत्यूचा दाखला जोडा, वारसनोंदीचा अर्ज द्या, फेरफार होईल, मग सातबाऱ्यावर नाव लागेल. या सगळ्याची पहिली अट अशी की कुणीतरी गेलेलं असावं लागतं. दुसरी अशी की जे मिळतं ते आधीच्या नावावरून उतरून नंतरच्या नावावर चढतं. आणि तिसरी, जी आपण सहसा बोलून दाखवत नाही: मिळालेली गोष्ट त्या दिवसापासून आपली होते. बांध घाला, विहीर खणा, विका. वरून कुणी येऊन त्या जमिनीत बदल करत नाही.

प्रोग्रॅममधल्या वारशात यातलं एकही खरं नाही. पेरेंट क्लास, म्हणजे आपल्या उदाहरणातलं वाहन, आपल्याकडचं काहीच गमावत नाही. चाइल्ड क्लासच्या, म्हणजे ट्रकच्या, नावावर काहीच चढत नाही. त्याला फक्त वडिलांच्या घरात वावरायची मुभा मिळते. आणि मुख्य म्हणजे वडील हयात असतात. ठणठणीत असतात. रोज सकाळी उठून घरात काहीतरी दुरुस्ती करत असतात. या प्रकरणात पुढे ज्या भानगडी येणार आहेत, त्यांतल्या बहुतेक या एका गोष्टीतून निघतात.

आधी यंत्रणा बघू. अमेरिकेत पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ॲलन के यांच्या गटाने स्मॉलटॉक नावाची भाषा घडवली. तिच्या १९७२ च्या पहिल्या रूपात इनहेरिटन्स नव्हतं. डॅन इंगल्स यांनी घडवलेल्या १९७६ च्या रूपात ते आलं. तिथली पद्धत समजायला सगळ्यांत सोपी आहे. एखाद्या ऑब्जेक्टला, म्हणजे क्लासवरून घडवलेल्या एखाद्या प्रत्यक्ष ट्रकला, तुम्ही काम सांगितलं की ते आधी आपल्या क्लासच्या वहीत बघतं, हे काम कसं करायचं ते इथे लिहिलंय का? नसेल तर वडिलांच्या वहीत. तिथेही नसेल तर आजोबांच्या. असं वर वर जात शेवटी सगळ्यांच्या मूळपुरुषापाशी पोचायचं. त्याचं नावच ‘ऑब्जेक्ट’. तिथेही नाही सापडलं तर ‘मला कळलं नाही’ असं उत्तर येतं. खालच्या वहीत एखादं काम वेगळ्या रीतीने लिहिलेलं असेल तर शोध तिथेच थांबतो आणि वडिलांची रीत बाजूला राहते. यालाच ओव्हरराइड करणं म्हणतात. बियार्ने स्ट्राउस्ट्रप यांनी १९७९ पासून बेल लॅब्जमध्ये जी भाषा रचली, आणि जी पुढे सी प्लस प्लस झाली, तिच्यात हा शोध प्रत्येक वेळी घ्यावा लागू नये म्हणून क्लासगणिक पत्त्यांचा एक तक्ता आधीच बनवून ठेवतात. वेग वाढला, तत्त्व तेच राहिलं.

एक बारीक गोष्ट इथे लक्षात ठेवावी लागेल. वडिलांच्या वहीत लिहिलेलं काम चालू असताना मध्येच ‘आता माझं अमुक काम कर’ असं आलं, तर ‘माझं’ म्हणजे कुणाचं? वडिलांचं नव्हे. ज्या ऑब्जेक्टला काम सांगितलं होतं त्याचं. म्हणजे शोध पुन्हा तळापासून, मुलाच्या वहीपासून सुरू होतो.

यातून काय घडतं ते जावा या भाषेतल्या एका प्रसिद्ध उदाहरणात बघता येतं. जावात ‘हॅशसेट’ नावाचा क्लास आहे. एकच गोष्ट दोनदा न ठेवणारी पिशवीच ती. समजा, आपल्याला मोजणारी पिशवी हवी आहे: आजवर किती गोष्टी टाकल्या गेल्या ते तिने सांगावं. सोपं आहे. हॅशसेटला मूल करायचं. क्लासच्या वहीत लिहिलेल्या कामाला मेथड म्हणतात. एक वस्तू टाकणारी मेथड आहे ‘ॲड’; ती ओव्हरराइड करून आकडा १ ने वाढवायचा आणि बाकीचं वडिलांवर सोपवायचं. अनेक वस्तू एकदम टाकणारी मेथड आहे ‘ॲडऑल’. तिथे जितक्या वस्तू आल्या तितक्याने आकडा वाढवायचा आणि बाकीचं पुन्हा वडिलांवर. आता सभेला आलेल्या तिघांची नावं एकदम टाका आणि आकडा विचारा.

उत्तर येतं ६.

चूक कुठे आहे हे कितीही वेळ आपल्या कोडकडे बघत बसलात तरी दिसत नाही, कारण ती आपल्या कोडमध्ये नाहीच. ॲडऑलचं खरं काम वर कुठेतरी पणजोबांच्या वहीत लिहिलेलं आहे, आणि पणजोबा ते काम एकेका वस्तूसाठी ॲड बोलावून करतात. पण ॲड म्हणजे ‘माझं’ ॲड, म्हणजे तळातल्या मुलाचं, आकडा वाढवणारं. तीन नावं आधी गठ्ठ्याने मोजली गेली, मग एकेक करून पुन्हा मोजली गेली. आपलं ॲडऑल खोडून टाकलं तर आकडा ३ येतो, हे खरं. पण मग आपला प्रोग्रॅम पणजोबांच्या एका खासगी सवयीवर उभा राहतो. ती सवय त्यांनी कुठेही वचन म्हणून दिलेली नाही. उद्या त्यांनी कामाची रीत बदलली तर आकडा ० येईल, आणि त्यांचं काहीच चुकलेलं नसेल. हे उदाहरण ज्यांनी लिहिलं ते जोशुआ ब्लॉक म्हणजे जावातल्या या पिशव्या ज्यांनी आखल्या तेच. २००१ सालच्या ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकात त्यांनी ते दिलं आहे. घर बांधणाऱ्यानेच सांगावं की या भिंतीला खिळा ठोकू नका, असा हा प्रकार.

माझ्या वाट्याला आलेली गंमत याहून साधी होती. मी तेव्हा पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत होतो. मुदत ठेवीचा आमचा क्लास एका विकत घेतलेल्या लायब्ररीतल्या ‘नोंद’ या क्लासचा मुलगा होता. त्यात आम्ही ‘क्लोज’ नावाची मेथड लिहिली होती: ठेव बंद करा, व्याज काढा, रक्कम बचत खात्यात जमा करा. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग त्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली, आणि तिच्या कर्त्यांनी ‘नोंद’ला स्वतःची एक नवी मेथड दिली. पडद्यावरचं काम संपलं की डेटाबेसमधली नोंद हातावेगळी करायची, ही ती मेथड. तिचं नाव त्यांनीही ‘क्लोज’च ठेवलं. पडदा मिटला की लायब्ररी आपल्या समजुतीने आपलं क्लोज बोलवायची, आणि शोध तळापासून सुरू होत असल्यामुळे चालायचं आमचं. चाचणी करणारी आमची सहकारी दुपारी चहाच्या वेळी येऊन म्हणाली, “अरे, मी नुसती ठेव उघडून बघितली तर ती मोडतेय.” आम्ही हसलो. मग तिने करून दाखवलं. नशीब, ते यंत्र चाचणीचं होतं; नाहीतर व्याज किती झालं हे विचारायला आलेल्या प्रत्येक आजीची ठेव मुदतीआधी मोडून तिच्या हातात पडली असती. आम्ही एक ओळही बदलली नव्हती. मुलाने आपल्या खोलीला एक नाव दिलं होतं, आणि दोन वर्षांनी वडिलांनी सगळ्या घरासाठी तेच नाव वापरायला घेतलं.

हा रोग अनेकांना झालेला आहे, म्हणून त्यावर भाषांमध्येच औषधं आली. सी शार्प ही भाषा आखताना अँडर्स हायल्सबर्ग यांच्या गटाने नियमच करून टाकला: वडिलांनी ‘ही मेथड बदलायला मोकळी आहे’ असं लिहून दिलेलं असावं, आणि मुलानेही ‘मी जाणूनबुजून बदलतो आहे’ असं लिहावं. दोघांच्या सह्या नसतील तर ओव्हरराइड नाही. कोटलिन ही भाषा आणखी पुढे गेली. तिथे क्लासला मूलच होऊ शकत नाही, जोवर क्लास लिहिणारा तसं उघड सांगत नाही. मला हे दोन्ही नियम आवडतात. घरात येणाऱ्याला किल्ली द्यायची की नाही, हे घरमालकाने आधी ठरवलेलं बरं.

पण नाव आणि सवयी जुळल्या तरी आणखी एक प्रश्न उरतोच: मुळात नातं लावायला हवं होतं का? आमच्याकडे इंजिनिअरिंगच्या व्हायव्हात इनहेरिटन्स विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘कुत्रा प्राणी आहे, मांजर प्राणी आहे.’ वीस वर्षांच्या नोकरीत मला भुंकणारा क्लास एकदाही लिहावा लागला नाही. खरे प्रश्न कुत्र्यामांजराइतके स्वच्छ नसतात, आणि त्यात मराठी माणसाची एक जादा अडचण आहे. इंग्रजीत ‘असणं’ आणि ‘जवळ असणं’ यांना दोन वेगळी क्रियापदं आहेत, त्यामुळे तिथे कसोटी तोंडपाठ करता येते. आपलं दोन्हीकडे एकच ‘आहे’. गाडी वाहन आहे. गाडीला इंजिन आहे. तो डॉक्टर आहे. त्याच्याकडे दवाखाना आहे. फरक सगळा नामाच्या शेपटीत: नुसती प्रथमा असेल तर वारसा, आणि ‘ला’, ‘कडे’, ‘च्या पोटात’ असं काही चिकटलं असेल तर वारसा नाही. तिथे एक ऑब्जेक्ट दुसऱ्याला नुसतं बाळगतं आणि काम पडेल तेव्हा त्याला हाक मारतं. मी नवीन मुलांना सांगतो, वाक्य मोठ्याने म्हणा आणि विभक्ती ऐका.

जावाच्या पहिल्याच आवृत्तीत ही विभक्ती चुकली. १९९६ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत ‘स्टॅक’ नावाचा क्लास आहे. स्टॅक म्हणजे पोळ्यांची चळत. नवी पोळी वर पडते, वाढताना वरचीच उचलतात. चळतीचा सगळा अर्थ या एका शिस्तीत आहे. तिथेच ‘व्हेक्टर’ नावाचा दुसरा क्लास होता: एक लांबलचक ओळ, जिच्यात कुठेही काहीही घुसवता येतं आणि कुठूनही काढता येतं. चळत बनवणाऱ्याने पाहिलं, वस्तू एकापुढे एक ठेवायची सोय व्हेक्टरमध्ये तयारच आहे. त्याने लिहून टाकलं, स्टॅक व्हेक्टर आहे. लिहायला हवं होतं, स्टॅकच्या पोटात व्हेक्टर आहे. एवढ्याने स्टॅकला व्हेक्टरच्या सगळ्या मेथड आल्या. म्हणजे जावातल्या चळतीच्या मधोमध पोळी घुसवता येते आणि तळातली ओढून काढता येते. नाही म्हणायची सोय नाही, कारण वडिलांनी जे जाहीर देऊ केलं ते मुलाला नाकारता येत नाही. आणि आता दुरुस्तही करता येत नाही, कारण जगभरात कुणी ना कुणी ती मधली पोळी ओढत असणार. म्हणून जावाचे अधिकृत कागद आज ‘स्टॅकऐवजी दुसरं वापरा’ असं सुचवतात, पण स्टॅक जिथल्या तिथे आहे, व्हेक्टरचा मुलगा म्हणून.

प्रथमाही कधीकधी फसवते. प्रत्येक चौरस हा आयत असतो, हे आपण शाळेत शिकलो, आणि ते खरंच आहे. आता आयताचा क्लास करा, त्याला रुंदी बदलायची आणि उंची बदलायची अशा दोन मेथड द्या, आणि चौरस त्याचा मुलगा करा. चौरसाला आपली इभ्रत राखायची, म्हणून त्याची रुंदी बदलली की तो उंचीही तितकीच करून घेतो, आणि उंची बदलली की रुंदीही. दुसरीकडे कुणीतरी आयतासाठी चार ओळी लिहिल्या आहेत: रुंदी ५ करा, उंची ४ करा, क्षेत्रफळ २० यायला हवं. त्याच्या हातात चौरस पडला की क्षेत्रफळ येतं १६. भूमितीतला आयत कागदावर एकदा काढला की बदलत नाही, म्हणून तिथे प्रश्न येत नाही. प्रोग्रॅममधला आयत बदलतो, आणि चौरसाला आयतासारखं बदलता येत नाही. बार्बरा लिस्कॉव्ह यांनी १९८७ साली एका परिषदेतल्या भाषणात कसोटी मांडली, आणि १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्याबरोबर ती काटेकोर केली. तिचा आशय असा: जिथे वडील चालतात तिथे गुपचूप मुलाला उभं केलं, तर कुणाला कळताही कामा नये. वंशावळीत काय लिहिलंय ते विचारू नका, वागणूक विचारा.

एकाहून अधिक वडील असले तर काय, याची भाषापंडितांनी बरीच धास्ती घेतली आहे. आपल्या जुन्या हिंदू कायद्यात मात्र त्याला नाव होतं: द्व्यामुष्यायण. एका भावाचा एकुलता एक मुलगा दुसऱ्या निपुत्रिक भावाने दत्तक घ्यायचा, आणि मुलाने दोन्ही घरांचा वारस व्हायचं. दोन बाप, पण आजोबा एकच. प्रोग्रॅमर मंडळी हीच आकृती शंकरपाळ्यासारखी काढतात आणि विचारतात, या नातवाकडे आजोबा किती? सी प्लस प्लस म्हणतं, दोन. दोन्ही बापांकडून एकेक प्रत. एकच हवा असेल तर बापांनी आधीच तसं लिहून ठेवायला हवं होतं. पायथन सगळ्या पूर्वजांना एका रांगेत उभं करतं, आजोबांना दोन्ही बापांच्या मागे, आणि मग त्या रांगेनेच शोधत जातं. ही रांग लावायची आजची रीत २००३ पासूनची. जावाने सांगितलं, बाप एकच. बाकीच्यांना हवं तर वचन द्या, त्यांची इस्टेट मिळणार नाही. गो आणि रस्ट या अलीकडच्या भाषांनी तर क्लासचा वारसाच ठेवलेला नाही.

इनहेरिटन्स वाईट आहे, असं यावरून कुणी ठरवू नये. चुकांची वंशावळ घ्या. फाइल सापडली नाही, ही वाचण्यातली चूक. वाचण्यातली चूक ही एक चूक. तिथे प्रथमा खणखणीत लागते आणि वारसा छान चालतो. वडील आणि मूल एकाच माणसाने, एकाच खोलीत बसून लिहिले असतील तरी फारसं बिघडत नाही. वडील परक्या गावी आणि मूल आपल्याकडे, असं झालं की जपावं.

आता टोलनाक्याकडे परत या. ट्रक, बस आणि मोटार यांना रांगेत उभं करायला डाल आणि न्यूगोर यांनी ‘लिंक’ हा उपसर्ग लावला होता. ते वाक्य आज विभक्ती ऐकत म्हणून बघा: ट्रक दुवा आहे. ट्रक दुवा कसा असेल? ट्रकला रांगेत जागा आहे. ज्या उदाहरणातून सगळा वारसा जन्माला आला, तेच आजच्या कसोटीला उतरत नाही. १९६६ सालच्या यंत्रात मेमरी मोजूनमापून वापरावी लागे, तेव्हा दोघांना दोष देण्यात अर्थ नाही. पण याचा परिणाम सिम्युलात आजही बघता येतो. ट्रक स्वतःच दुवा असल्यामुळे त्याच्याकडे ‘पुढचा’ आणि ‘मागचा’ यांची एकेकच जागा आहे, म्हणून तो एका वेळी एकाच रांगेत उभा राहू शकतो. टोलच्या रांगेतल्या ट्रकचा नंबर पलीकडच्या गॅरेजमध्ये लावून ठेवावा म्हणून तुम्ही ‘इनटू’ ही मेथड बोलावली, तर सिम्युला त्याला गॅरेजच्या रांगेत उभा करतं. त्याआधी, काही न बोलता, टोलच्या रांगेतून बाहेर काढतं.